पेठेतलं सुपरमार्केट बंद, इमारत पाडणार: नवा गाळा, रोख मोबदला की जुनीच जागा?

पेठेच्या मध्यावरचं सुपरमार्केट बंद झालं की शेजारच्या दुकानदारांना सुरुवातीला बरं वाटतं. साखर, तेल, साबणाचं गिऱ्हाईक आता परत आपल्याकडे वळणार, असा अंदाज असतो. मी छोट्या दुकानांचे हिशेब लिहिते, जीएसटीची विवरणपत्रं भरते, त्यामुळे पुढचं सगळं मला वहीत दिसतं. महिना-दीड महिना विक्री चढते आणि मग उतरायला लागते. सुपरमार्केटला आलेलं माणूस जाता जाता शेजारी वह्या, चपला, गजरा, कोथिंबीर घेत होतं. आता तेच माणूस पेठेत उतरत नाही. उपनगरातल्या किंवा हायवेकडच्या मोठ्या दुकानात गाडी लावतं आणि सगळं तिथंच घेऊन घरी जातं.

पाठोपाठ दुसरी बातमी येते, की मालकाने इमारत विकासकाला द्यायचं ठरवलंय. मग एक गृहस्थ नकाशा घेऊन दुकानात येतात. खाली मोठं दुकान, वर गाळे, त्यावर ऑफिसं, तळघरात पार्किंग. तुमच्यापुढे तीन वाटा ठेवल्या जातात: जागा सोडा आणि नव्या इमारतीत गाळा घ्या, पैसे घ्या आणि मोकळे व्हा, किंवा बसा इथंच, काय होईल ते होईल. बेळगावात खडेबाजार, गणपत गल्ली, शहापूर या भागांत, तसंच खानापूर-निपाणीसारख्या गावांत ज्यांचं दुकान भाड्याच्या जुन्या इमारतीत आहे आणि ज्यांना येत्या काही महिन्यांत या तिन्हींतलं एक निवडायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा एकच विचारतो: नव्या इमारतीत किती फूट मिळायला पाहिजेत? मी उलट विचारते: इमारत पडल्यापासून नवी उभी राहीपर्यंत तुम्ही कुठे बसणार? दुकान मोडतं ते याच मधल्या काळात. म्हणून खालची सगळी तुलना मी या मधल्या काळावरून केली आहे. नव्या गाळ्याच्या दराला मी दुसरा नंबर देते.

मुंबईच्या भावाचा सल्ला इथं चालत नाही

आपल्या सीमाभागात प्रत्येकाचं कुणी ना कुणी मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात असतंच. फोनवर सल्ला मिळतो, "काळजी करू नको, पागडीवाल्याला जागा द्यावीच लागते." सल्ला खोटा नाही, पण तो महाराष्ट्रातला आहे. तिथं 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा पागडीला मान्यता देतो, आणि मुंबईतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या पुनर्विकासात जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागा देण्याची कायदेशीर चौकट आहे. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून जुने मुंबईचे कायदे येतात. आज आपल्याला कर्नाटकाचा 1999 चा भाडे कायदा लागू होतो.

या कायद्यातलं एक कलम दुकानदाराने पाठच करावं असं आहे. धंद्याच्या जागेचं जोतं-क्षेत्रफळ 14 चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, तर या कायद्याचं संरक्षण मिळत नाही. आता आपल्या पेठेतलं नेहमीचं दुकान घ्या: दहा फूट तोंड, पंधरा फूट खोली. 150 चौरस फूट म्हणजे 13.94 चौरस मीटर. थोडक्यात आत बसलं असं वाटतं. पण जोतं-क्षेत्रफळात भिंतींची जाडीही धरतात, आणि आपल्या जुन्या इमारतींच्या दगडी भिंती दीड-दीड फुटाच्या. टेप आतून लावला तर दुकान कायद्याच्या आत, बाहेरून लावला तर बाहेर! भाड्यालाही मर्यादा आहे. भाग कुठला त्यावरून दरमहा 3,500 किंवा 2,000 रुपयांवरच्या जागा कायद्याबाहेर जातात.

कायद्याबाहेर गेलात की मालमत्ता हस्तांतरण कायदा लागू होतो. लेखी करार संपलेला असेल आणि महिन्या-महिन्याने भाडं देत असाल, तर त्या कायद्याच्या 106 व्या कलमाखाली 15 दिवसांची नोटीस पुरते. नंतर ताबा घ्यायला मालकाला कोर्टातच जावं लागतं आणि तिथं वेळ लागतो, हे खरं. पण वेळ लागणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं. वाटाघाटीला बसण्याआधी आपण यातल्या कोणत्या बाजूला आहोत, ते वकिलाकडून लिहून घ्या. मोजणीला स्वतः उभे राहा.

पहिली वाट: जागा सोडायची, नवा गाळा घ्यायचा

मी ज्यांचे हिशेब बघते त्यांच्यातल्या बहुतेकांचं मन या वाटेकडे ओढ घेतं. नवी इमारत, शटर, लिफ्ट, पार्किंग. मुलगा म्हणतो, बाबा, आता तरी दुकान नीट दिसेल. त्याचं चूक नाही. पण मधल्या काळाचा हिशेब करून बघूया.

समजा दिवसाची विक्री 6,000 रुपये आणि सरासरी सुटणारा नफा 12 टक्के. महिन्याला 26 दिवस धरले तर 18,720 रुपये. त्यातून जुनं भाडं 2,500 आणि वीजबिल 1,200 वजा केलं की घरी 15,020 येतात. इमारत पाडली आणि तुम्ही अडीच वर्षं घरी बसलात, तर 30 महिन्यांचे साडेचार लाख गेले. शिवाय उधारी बुडते ती वेगळीच, कारण दुकानाला कुलूप दिसलं की उधारीवालं गिऱ्हाईक ती गल्लीच टाळतं.

घरी न बसता दुसरीकडे दुकान मांडलं तर? त्याच पेठेत आजच्या दराने जागा घेतली, भाडं 8,000 धरा, विक्री पाव हिश्श्याने घटली. नफा 14,040 राहिला. भाडं आणि वीज वजा जाता 4,840 उरले. लांबच्या उपनगरात 4,000 भाड्याने जागा घेतली आणि विक्री निम्मी झाली, तर 9,360 मधून भाडं-वीज जाऊन 4,160 उरले. हातात येणारे पैसे जवळजवळ सारखेच. मग भाडं स्वस्त म्हणून माणसं लांबची जागा घेतात आणि तिथं फसतात. पेठेतल्या जागेत तुमचं गिऱ्हाईक तीन वर्षं तुमच्याजवळ राहतं, लांबच्या जागेत ते विखुरतं. नवा गाळा हातात येतो तेव्हा एकाला फक्त शटर बदलायचं असतं, दुसऱ्याला भवानीपासून सगळं नव्याने जमवावं लागतं.

म्हणून या वाटेवर माझी पहिली अट अशी: मधल्या काळातल्या जागेचं भाडं विकासकाने द्यायचं, आणि ती जागा त्याच पेठेत असायला हवी. वरच्या उदाहरणात 8,000 भाडं त्याने भरलं, तर तुमच्या हाती महिन्याला 12,840 येतात आणि घर चालतं. करारात "24 महिन्यांचं भाडं" असे शब्द असतील तर खोडायला लावा. "नव्या गाळ्याचा ताबा देईपर्यंत" असं हवं, अकरा महिन्यांनी वाढीसह. त्यासाठी बँक गॅरंटी किंवा काही महिन्यांची रक्कम आगाऊ घ्या. बांधकाम रखडलं की सगळ्यात आधी भाडंच थांबतं.

दुसरी अट मजल्याची. "तेवढंच क्षेत्रफळ देतो" म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या मजल्यावर, कुठल्या तोंडाला? करारासोबत नकाशा जोडून त्यात तुमचा गाळा रंगवून घ्या, नंबर घाला, दोघांच्या सह्या करा. किराणा, स्टेशनरी, फुलं, मोबाईल, पान, भांडी ही दुकानं जिना चढून चालत नाहीत. शिंपी, चष्मेवाले, टायपिंग, ब्युटी पार्लर, शिकवण्या, बस्त्याच्या साड्या यांच्याकडे माणूस ठरवूनच येतो. त्यांना पहिला मजला चालतो, उलट भाडं कमी पडतं. त्यामुळे एकाच इमारतीतल्या दोन शेजाऱ्यांना एकच प्रस्ताव दिला, तरी तो एकाला चांगला आणि दुसऱ्याला घातक ठरू शकतो.

फुटांबद्दलही एक सांगते. बोलताना "दोनशे फूट देतो" म्हणतात ते बहुतेक वेळा जिना, पॅसेज, लिफ्टचा वाटा धरून असतं. करारात कार्पेट क्षेत्र लिहायला लावा. रेरा, म्हणजे विकासकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात, त्याची व्याख्या आहे: बाहेरच्या भिंती आणि डक्ट सोडून, आतल्या भिंती धरून, प्रत्यक्ष वापरता येणारी जागा.

रेराचं नाव सगळे घेतात, पण ते किती उपयोगी पडेल हे तीन गोष्टींवर ठरतं. एक, भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा गाळे-फ्लॅट मिळून आठपेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. आपल्या गल्ल्यांतले भूखंड तोंडाला अरुंद आणि आत लांब. असे बरेच भूखंड या मर्यादेतच बसतात. दोन, नोंदणी झाली असेल तर खरेदीदारांकडून घेतलेल्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात, आणि ताबा दिल्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तिसरी गोष्ट कुणी सांगतच नाही. नवा गाळा तुम्हाला पुन्हा भाड्यानेच दिला जाणार असेल, तर रेराच्या भाषेत तुम्ही गाळाधारक नाही. कायद्याने भाड्याने जागा घेणाऱ्याला त्या व्याख्येतून स्पष्ट वगळलंय. मालकी हक्काने गाळा मिळणार असेल तरच रेराचं दार तुमच्यासाठी उघडं. भाड्याने मिळणार असेल तर सगळी भिस्त तुमच्या नोंदणीकृत करारावर.

आणि नोंदणीकृत म्हणजे नोंदणीकृतच. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिलेला कागद पुरत नाही. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार उपनिबंधकाकडे नोंदवावाच लागतो, नाहीतर कोर्टात त्याच्या अटी पुरावा म्हणून उभ्या राहत नाहीत. कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत येईल. घरातल्या सगळ्यांसमोर तो मराठीत वाचून समजावून घ्या, आणि हे काम विकासकाच्या माणसाकडून न करता आपल्या वकिलाकडून करून घ्या. सासूबाईंच्या नावावर पावत्या आणि दुकान सुनेचं, अशी घरं आपल्याकडे खूप. करारात नाव कुणाचं घालायचं हे तेव्हाच ठरवा, नंतर भावाभावांत वितुष्ट येतं.

ताबा घेतानाही घाई नको. 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की वीज-पाण्याची जोडणी वापर परवाना, म्हणजे ओसी, पाहूनच द्यावी. गाळा तयार, शटर रंगवलेलं, पण ओसी नाही म्हणून वीज कंपनीचा, हेस्कॉमचा, मीटर नाही, असं झालं तर भाडं आणि कर्जाचे हप्ते तेवढे सुरू होतील. ताबा पावतीवर सही ओसी हातात पडल्यावर करा.

खर्च वाढणार हेही धरून चला. मालक जीएसटीत असेल तर भाड्यावर 18 टक्के लागतो. तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या जीएसटी योजनेत, असाल तर त्याचा परतावा मिळत नाही. 8,000 भाड्यावर 1,440 सरळ खिशातून. त्यावर देखभाल खर्च, लिफ्टचं बिल, वॉचमन. दुकान बदललं की 15 दिवसांत जीएसटी नोंदणीतला पत्ता बदलून घ्यावा लागतो, व्यापार परवाना आणि खाद्यपदार्थ असतील तर फूड लायसन्सही. नवी पाटी करताना कर्नाटकात 60 टक्के जागा कन्नडला ठेवावी लागते, तोही खर्च एकदाच नीट करा.

"खाली मोठं सुपरमार्केट येणार आहे, गर्दी आपोआप होईल," हे आश्वासन नकाशासोबत हमखास येतं. त्याच्यावर निर्णय टांगू नका. देशभर पसरलेल्या बिग बझारचं 2022 मध्ये काय झालं ते आपण पाहिलं; दुकानं भाड्याच्या जागांत होती, भाडं थकलं आणि जागा हातातून गेल्या. डी-मार्टने 2002 मध्ये पवईत पहिलं दुकान काढल्यापासून बहुतांश जागा स्वतःच्या मालकीच्या ठेवल्या, म्हणून ते सहसा हलत नाहीत. त्यामुळे विकासकाला तीन प्रश्न विचारा: सुपरमार्केटशी करार झालाय का, जागा ते विकत घेताहेत की भाड्याने, आणि भाड्याने असेल तर किती वर्षांनी त्यांना सोडून जाता येतं. उत्तर "बोलणी चालू आहेत" असं आलं, तर सुपरमार्केट नाही असं धरूनच हिशेब करा.

दुसरी वाट: पैसे घ्यायचे आणि बाहेर पडायचं

ज्यांचं वय झालंय आणि पुढची पिढी दुकानात बसणार नाही, त्यांच्यासाठी हीच वाट चांगली, असं माझं मत आहे. मुलगा पुण्यात आयटीत, मुलगी लग्न होऊन गोव्यात, आणि सत्तरीचे काका सकाळी साडेआठला कुलूप उघडतात; त्यांनी तीन वर्षं तात्पुरत्या जागेत का काढावीत?

पण रक्कम बँकेतूनच घ्या. "थोडे पांढरे, थोडे रोख" असा प्रस्ताव येतो, तेव्हा नको म्हणा. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्यालाच तितकाच दंड आहे. देणारा सुटतो, तुम्ही अडकता. भाडेकरू हक्क सोडल्याबद्दल मिळालेली रक्कम भांडवली नफा धरली जाते. हा हक्क तुम्ही पैसे देऊन घेतला नसेल, तर मूळ किंमत शून्य, म्हणजे जवळजवळ पूर्ण रकमेवर कर. जागा दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर दर 12.5 टक्के. वडिलांनी पागडी दिली असेल तर तिची पावती शोधा. माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेल्या एका जुन्या कागदाने कर कमी होऊ शकतो. आठ लाख मिळणार असतील तर हाती सातच येतील असं धरा, आणि त्या सातांतून नवं दुकान काढणार असाल तर डिपॉझिट, फर्निचर, मीटर, पाटी यांचा खर्च आधी वजा करा. वरच्या उदाहरणातल्या माणसाला पाच लाख मिळाले तर ते त्याच्या 30 महिन्यांच्या कमाईला जेमतेम पुरतात. एवढ्यावर जागेचा हक्क कायमचा सोडणं मला पटत नाही.

पैसे घेऊन हायवेकडे किंवा उपनगरात जाणं काही धंद्यांना चांगलंच मानवतं. हार्डवेअर, फरशा, फर्निचर, प्लायवूड, गाड्यांचे सुटे भाग यांचं गिऱ्हाईक टेम्पो घेऊन येतं. पेठेत त्यांना गाडी लावायलाच जागा मिळत नाही. ही माणसं आधीच हलली असती तर त्यांचा फायदा झाला असता. मात्र ज्यांचं गिऱ्हाईक येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, कडोलीहून किंवा पलीकडच्या चंदगड तालुक्यातून बसने, वडापने येतं, त्यांनी बस कुठे थांबते ते बघूनच जागा घ्यावी. एका ओळखीच्या दुकानदारांनी तात्पुरती जागा दोन गल्ल्या सोडून घेतली, पाटी लावली, जुन्या शटरवर नवा पत्ता चिकटवला. शिमगा होऊन गेल्यावर उचगावच्या एक मावशी त्यांना भाजी बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, "दुकान बंद केलासा व्हय? आम्ही दोनदा येऊन परत गेलाव की!" पत्ता वाचता न येणारं गिऱ्हाईकही आपलंच असतं. त्यांच्यासाठी जुन्या जागेच्या कोपऱ्यावरच्या गजरेवालीला, चहावाल्याला सांगून ठेवावं लागतं.

गिऱ्हाईक कसं हलतं याचं मोठं उदाहरण बेळगावने पाहिलंय. किल्ल्याजवळची घाऊक भाजी मार्केट 2019 मध्ये एपीएमसी यार्डात गेली. पुढे 2022 मध्ये गांधीनगरकडे खासगी मार्केट सुरू झालं आणि व्यापारी पुन्हा विभागले. प्रत्येक वेळी फक्त अडते हलले नाहीत. त्यांच्यामागे हमाल, टेम्पोवाले, पोती-सुतळीवाले, नाष्ट्याची हॉटेलं, सगळ्यांना ठरवावं लागलं, की कुणाच्या मागं जायचं. तुमचा धंदा दुसऱ्या कुठल्या दुकानाच्या जिवावर चालत असेल, तर तुमचं ठरवण्याआधी ते दुकान कुठे चाललंय ते विचारा.

तिसरी वाट: इथंच बसायचं

या वाटेला लोक हट्ट म्हणतात. मला तसं वाटत नाही. इमारत भक्कम असेल, भाडेकरू एकत्र असतील आणि विकासकाचे पैसेच उभे राहिलेले नसतील, तर थांबणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. दुरुस्तीचा खर्च वाटून घ्या, भाडं दर महिन्याला बँकेतून भरत राहा, मालक घेत नसेल तर मनिऑर्डरने पाठवा आणि पावती जपा. भाडं थकवलेला भाडेकरू कोर्टात अर्धा हरलेला असतो.

पण इमारत भक्कम आहे हे इंजिनिअरने सांगितलं पाहिजे. ऑगस्ट 2019 च्या पावसात बेळगाव जिल्ह्यात किती जुनी घरं, भिंती बसल्या ते आपण विसरलेलो नाही. मातीच्या जुडाईच्या भिंतीत वर्षानुवर्षं पाणी मुरलं की ती बाहेरून ठीक दिसते आणि एका रात्रीत बसते. तुळईला वाळवी असेल, माळवदातून पाणी उतरत असेल, भिंतीचं पोट सुटलं असेल, तर तिथं माणसं बसवू नका. दुकानात दिवसभर पोरगं कामाला असतं, गिऱ्हाईक लहान मुलांना घेऊन उभं असतं. अशा इमारतीत हक्क टिकवण्यासाठी बसून राहणं मला मान्य नाही. वकिलामार्फत हक्क राखून ठेवून जागा रिकामी करता येते. त्याचा लेखी करार आधी करा आणि बाहेर पडा.

महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या संकुलातल्या गाळ्यांचाही काही जण विचार करतात. ते लिलावाने मिळतात. भाडं बोलीवर चढतं आणि मुदत संपली की पुन्हा लिलाव. तात्पुरत्या काळासाठी मोक्याचा गाळा मिळाला तर घ्या. आयुष्यभराची जागा म्हणून त्याकडे बघू नका.

ज्यांना कुणी नकाशा दाखवत नाही

दुकानदाराशी निदान बोलणी तरी होतात. सुपरमार्केटच्या पायरीशी माळवं घेऊन बसणाऱ्या बायका, फुलवाल्या, कंगवे-पिना विकणारे यांना कुणीच विचारत नाही, आणि पेठेची निम्मी गर्दी त्यांच्यामुळे असते. 2014 चा पथविक्रेता कायदा त्यांच्यासाठी आहे. शहराची पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश महिला. विक्रेता प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. तुमच्या दारासमोर बसणाऱ्या मावशींकडे विक्रेता प्रमाणपत्र आहे का, एवढं विचारा. नसेल तर पालिकेत नेऊन अर्ज भरून द्या. त्या टिकल्या तर तुमच्या नव्या गाळ्यासमोरही गर्दी असेल.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. बंद पडलेल्या सुपरमार्केटमध्ये मागच्या बाजूला स्वच्छतागृह होतं. खेड्यातून पहाटेच्या बसने आलेल्या बायका, शेजारच्या दुकानांत काम करणाऱ्या मुली, सगळ्या तिथं जायच्या, कुणी अडवत नव्हतं. ते बंद झाल्यापासून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. पुनर्विकासाच्या नकाशात तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूने, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का ते बघा. नसेल तर सगळ्या भाडेकरूंनी मिळून ती अट घाला. आपल्या घरातल्या बायकाही याच पेठेत दिवस काढतात.

तर कुणी काय करावं

धंदा रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाचा आणि तुम्ही पन्नाशीच्या आत असाल, तर पुनर्विकासात जा, पण तळमजला, त्याच पेठेत तात्पुरती जागा आणि ताबा मिळेपर्यंतचं भाडं हे तिन्ही नोंदणीकृत करारात असतील तरच. यातलं एक जरी नसेल आणि इमारत धड असेल, तर थांबा. धंदा ठरवून येणाऱ्या गिऱ्हाइकाचा असेल, तर पहिल्या मजल्यावर मोठी जागा मागून घ्या, तुमचा फायदाच आहे. जड मालाचा धंदा असेल तर पैसे घेऊन मोकळ्या रस्त्याला जा. पुढे कुणी चालवणार नसेल तर बँकेतून पैसे घ्या आणि दुकान सन्मानाने बंद करा. उधारीची वही मात्र आधी पूर्ण वसूल करा.

सही करण्याआधी सिटी सर्व्हेचा उतारा, पालिकेचा ई-खाता (मालमत्तेची नोंद) आणि नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून बोजा प्रमाणपत्र काढा. मालक एकच आहे की बारा भाऊबंद आहेत, आणि जागेवर कर्ज आहे का, हे तिथं कळतं. सगळ्या वारसांच्या सह्या नसतील तर बांधकाम मध्येच स्थगितीत अडकण्याची भीती असते, आणि तुमचा मधला काळ तीनाऐवजी सात वर्षांचा होतो. भाडेकरूंनी वेगवेगळे भेटू नये. एक वकील, एक मसुदा, सगळ्यांची एकत्र बैठक.

जागा सोडायची तारीखही विकासकाच्या सोयीने ठरवू देऊ नका. आपल्याकडे शाळा मे महिन्याच्या अखेरीस उघडतात. स्टेशनरीवाल्याने जुलैच्या आधी दुकान रिकामं करू नये. किराणा आणि भांडीवाल्याने गणपती-दिवाळी धरूनच ठेवावी. कापडवाल्याची लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते, त्याने बस्त्याचे महिने उरकून उन्हाळ्याच्या शेवटी जागा सोडावी, आणि पावसाळ्याच्या आत तात्पुरत्या जागेचं छप्पर गळत नाही ना ते बघूनच माल हलवावा.